टीचभर पाण्यातला गोल्डफिश

हौसेने आणलेला सोनेरी मासा पंधरा दिवसांत पाण्यावर तरंगतो आणि घरातली मुले हिरमुसतात. दोष नशिबाचा नसतो आणि माशाचाही नसतो, बहुतेक वेळा तो पाण्याचा असतो. टाकी लहान असली, घरात जागा कमी असली, तरी बरेच काही करता येते.

वाढदिवस, वास्तुशांत आणि परीक्षेत मिळालेले चांगले गुण, या तीन निमित्तांनी आपल्याकडे बहुतेक घरांत गोल्डफिश येतो. दुकानात दिव्याच्या उजेडात चमचमणारा तो केशरी जीव पाहिला की मुले काचेला नाक लावून उभी राहतात आणि आईवडिलांचा निश्चय ढासळतो. कुत्रा नको, त्याला रोज फिरवायला कोण नेणार? मांजर नको, सोफा ओरबाडते. त्यापेक्षा मासा बरा. आवाज नाही, केस नाहीत, सोसायटीची तक्रार नाही. मग हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन मासे, एक गोल काचेचे भांडे, मूठभर रंगीत खडे, प्लॅस्टिकचे रोप, खाद्याची डबी आणि निळ्या औषधाची छोटी बाटली अशी वरात घरी येते. दुकानदार सांगतो, "आठवड्याला पाणी बदला, दोन वेळा चिमूटभर खायला घाला. बस्स."

पहिले चार-सहा दिवस मोठ्या मजेत जातात. माशांची नावे ठेवली जातात, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवले जातात. मग पाणी किंचित गढूळ होते. एक मासा तळाशी बसून राहू लागतो. दुसरा सकाळी पाण्याच्या वर तोंड काढून आ वासतो. "बघ, तुझ्याशी बोलतोय," असे आजी नातवाला कौतुकाने सांगते. तो बोलत नसतो, त्याला श्वास पुरत नसतो. आणि एके दिवशी शाळेतून आलेल्या मुलाला भांडे रिकामे दिसते.

त्यानंतर घरात जे बोलले जाते तेही ठरलेले असते. एक तर "गोल्डफिश नाजूकच असतात हो," किंवा "घरावर येणारे संकट त्याने स्वतःवर घेतले." ही दुसरी समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. रडणाऱ्या मुलाचे दुःख ती हलके करते, हे मान्य. पण तिच्यामुळे एक नुकसान होते. मासा का मेला, हे कोणी विचारत नाही. पुढच्या रविवारी त्याच भांड्यात नवी जोडी येते आणि तीही महिन्याभरात संकटे अंगावर घेऊन निघून जाते. वर्षात चार-पाच संकटे टळलेली अशी घरे आपल्या सर्वांच्या ओळखीत असतात.

मुळात गोल्डफिश हा नाजूक मासा नाही. तो कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. सुमारे हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये माणसाने त्याला पाळायला सुरुवात केली. तिथे तो तळ्यांत आणि चिनीमातीच्या मोठाल्या रांजणांत वाढे. त्याचे सौंदर्य वरून पाहायचे, अशी रीत होती. थंडी, ऊन, एखादे दिवशी उपास, हे सारे सोसणारा असा हा चिवट जीव आहे. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो, काही वीस वर्षेही जगतात. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेतल्या खेळात बक्षीस म्हणून मिळालेला 'टिश' नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. पहिलीतल्या मुलाला आणून दिलेला मासा त्या मुलाच्या कॉलेजपर्यंत घरात असावा, हा खरे तर साधा हिशेब आहे. पंधरा दिवसांचा हिशेब आपण ठरवलेला आहे.

टाकीएवढाच मासा?

दुकानात दिसणारे दोन इंचांचे गोल्डफिश ही पिल्ले असतात. सरळ, सडपातळ अंगाचा साधा गोल्डफिश आणि लांब शेपटीचा कॉमेट हे मोठेपणी दहा-बारा इंचांचे होतात. गोल पोटाचे ऑरंडा, डोळे बाहेर आलेले ब्लॅक मूर, डोक्यावर लाल टोपी असलेले रेड कॅप हे सहा-आठ इंचांपर्यंत वाढतात. आता आपले गोल भांडे पाहा. त्याचा घेर कितीही भारदस्त वाटला तरी आत पाणी मावते जेमतेम पाच-सहा लिटर. पाणी भरायच्या आपल्या कळशीतही याहून जास्त मावते.

यावर एक उत्तर हमखास ऐकायला मिळते, "मासा टाकीच्या मापाने वाढतो." हे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे. लहान भांड्यात गोल्डफिशची वाढ खुंटते, हे खरे. पण तो समजूतदारपणे आपले माप ठरवत नाही. स्वतःच्याच घाणीत, अपुऱ्या प्राणवायूवर राहिल्याने त्याची वाढ अडते. पोटभर अन्न आणि मोकळी हवा न मिळालेल्या मुलाची उंची खुंटली, तर 'खोलीच्या मापाने वाढला' असे आपण म्हणत नाही.

मग जागा किती लागते? अनुभवी हौशी मंडळी गोल पोटाच्या एका गोल्डफिशला साधारण ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येक माशाला आणखी ४० लिटर पाणी, असा ठोकताळा सांगतात. सडपातळ जातींना याहून जास्त, खरे तर अंगणातला हौदच. टाकीचे माप काढणे सोपे आहे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजाराने भागा, लिटर मिळतील. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत ५४ ते ५६ लिटर बसतात. तळाचे खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती ४५ उरतात.

फेंग शुईच्या लाटेत आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ मासे ठेवण्याची टूम आपल्याकडे आली. वरच्या ठोकताळ्याने नऊ माशांना जवळजवळ ४०० लिटर पाणी लागते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी कपाटाएवढी टाकी आणली तरी तिच्यात काठोकाठ ३४० लिटरच मावतात. नऊ मासे दोन फुटी टाकीत कोंबून घरात भरभराट कशी यायची, हे त्या शास्त्राच्या जाणकारांनीच सांगावे.

निर्मळ दिसणारे पाणी

लहान टाकीतला मासा मरतो तो प्रामुख्याने अमोनियाने. आपण ज्याला माशाची घाण म्हणतो ती विष्ठा तळाशी दिसते तरी, पण माशाच्या शरीरातला बराचसा अमोनिया कल्ल्यांवाटे थेट पाण्यात उतरतो. तो दिसत नाही आणि थोडा असेल तर त्याचा वासही येत नाही. न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजली की त्यात आणखी भर पडते. म्हणून पाणी काचेसारखे नितळ असूनही विषारी असू शकते आणि शेवाळाने हिरवे झालेले पाणी माशाला मानवू शकते. आपण डोळ्यांनी पारख करतो, माशाला ती कल्ल्यांनी करावी लागते.

तळ्यात या अमोनियाची विल्हेवाट जिवाणू लावतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच निरुपद्रवी असते आणि पाणी बदलले की निघून जाते. हे उपयोगी जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात. पण नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र टाकी आणली त्याच संध्याकाळी मासे सोडतो. बहुतेक मासे पहिल्या महिन्यातच का जातात, याचे उत्तर इथे आहे.

ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये बसवा. दह्याला विरजण लावतो तसेच हे. चार आठवड्यांचे काम बरेच लवकर होते.

गोल भांड्याची दुसरी गोची हवेची. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो पृष्ठभागावरून. दहा इंची भांडे अर्ध्यावर, म्हणजे त्याच्या पोटापाशी भरले, तर पृष्ठभाग ४९० चौरस सेंटिमीटर मिळतो. सहा इंची गळ्यापर्यंत भरले तर तोच १७५ वर येतो. म्हणजे हवा हवी तर पाणी कमी आणि पाणी हवे तर हवा कमी. इटलीतल्या मोन्झा शहराने २००४ साली गोल भांड्यात मासे ठेवायला मनाई केली आणि २००५ मध्ये रोमनेही तसाच नियम केला. परदेशातले कायदे आपण उचलावेत असे नाही, पण दिवाणखान्यातल्या त्या भांड्यात यापुढे मनीप्लँट लावला तर काही बिघडणार नाही.

आहे त्या टाकीत

मोठी टाकी उद्याच आणणे सर्वांना शक्य नसते. पैशांचा प्रश्न असतो, जागेचा असतो, भाड्याच्या घराचा असतो. तोवर आहे त्या टाकीत मासा जगवायचा, तर आपल्या हातात तीनच गोष्टी आहेत. आत जाणारे अन्न कमी करणे, पाणी वारंवार बदलणे आणि फिल्टर लावणे.

अन्नाचे आधी सांगते, कारण चूक तिथेच सुरू होते. गोल्डफिश नेहमीच भुकेला दिसतो. माणूस जवळ आला की काचेशी येऊन शेपूट हलवतो आणि घरातले प्रत्येक माणूस त्याला 'थोडेसे' घालते. सकाळी आजोबा, दुपारी मुले, संध्याकाळी बाबा. गोल्डफिशला खरे जठर नसते, खाल्लेले अन्न साठवून ठेवायची सोय नसते, म्हणून तो सतत चरत असतो. लहान टाकीत दिवसातून एकदा, एक-दोन मिनिटांत पूर्ण संपेल एवढेच खाद्य द्या आणि आठवड्यातून एक दिवस उपास ठेवा. खायला घालण्याचे काम घरात एकाच व्यक्तीकडे असावे. गोळ्यांचे खाद्य असेल तर क्षणभर पाण्यात भिजवून घाला. कोरड्या, तरंगणाऱ्या गोळ्यांबरोबर मासा हवाही गिळतो आणि गोल पोटाच्या जाती मग उलट्या-तिरप्या पोहू लागतात. उकडून सोललेला मटाराचा दाणा कुस्करून अधूनमधून दिला तर चांगला. पाव, बिस्कीट, भात नको. पुण्य लागण्याऐवजी पाणी नासते.

पाण्याचे वेळापत्रक टाकीच्या मापावर ठरते. पाच-सहा लिटरच्या भांड्यात मासा असेलच, तर रोज निम्मे पाणी बदलावे लागेल, त्याला पर्याय नाही. वीस-पंचवीस लिटरच्या टाकीत एखादा छोटा मासा असेल तर एक दिवसाआड पाव ते तिसरा हिस्सा. दोन फुटी टाकीत दोन छोटे मासे असतील तर आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा. हे वाचून 'एवढे कोण करणार?' असे वाटले, तर मोठ्या टाकीचा विचार लवकर करा. टाकी जितकी मोठी, तितके काम कमी. लहान टाकी सोयीची असते हा मोठाच गैरसमज आहे.

पाणी बदलण्याची आपली रीत मात्र सुधारायला हवी. रविवारी मासे मगमध्ये काढायचे, टाकी मोरीत नेऊन साबणाने घासायची, खडे नळाखाली धुवायचे आणि ताजे पाणी भरून मासे परत सोडायचे, असा कार्यक्रम घरोघर चालतो. टाकी लखलखते आणि मासे दोन दिवसांत मरतात. साबणाचा अंश विषारी असतो हे एक. दुसरे, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात आणि कल्लेही भाजतात. तिसरे कारण जरा समजून घेण्यासारखे आहे. बरेच दिवस न बदललेले पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते. अशा पाण्यात अमोनिया बऱ्याच अंशी कमी विषारी रूपात असतो. त्यात एकदम भरपूर ताजे, अल्कधर्मी पाणी पडले की तोच अमोनिया तीव्र विषारी रूप घेतो. म्हणून महिनाभर दुर्लक्ष झालेली टाकी एका दिवसात 'साफ' करू नका. पहिले चार-पाच दिवस रोज दहा-पंधरा टक्के, मग हळूहळू जास्त.

ताज्या पाण्यातला क्लोरीन घालवण्यासाठी बादली उघडी ठेवून चोवीस तास पाणी मुरू द्या. तेवढा वेळ नसेल तर माशांच्या दुकानात 'हायपो' नावाचे पांढरे खडे मिळतात, फोटो धुणारे पूर्वी वापरत तेच. एका बादलीला दोन-तीन बारीक खडे विरघळवले की पुरे. काही शहरांत पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असते, ते नुसते मुरवून जात नाही, तिथे दुकानातले पाणी सुधारण्याचे औषधच घ्यावे लागते. बोअरवेलचे पाणीही रात्रभर उघडे ठेवूनच वापरा. आरओच्या पाण्याचा मोह मात्र टाळा. आपल्याला ते शुद्ध वाटते, पण त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि माशाला ते क्षार लागतात. नवे पाणी आणि टाकीतले पाणी हाताला सारखेच गार लागले पाहिजे.

फिल्टर म्हटले की लोक खर्चाला बिचकतात. लहान टाकीला हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. तो माशांच्या वस्तूंमधल्या अगदी स्वस्त गोष्टींपैकी एक आहे. त्याने पाणी फिरते, हवा मिसळते आणि जिवाणूंना घर मिळते. मात्र तो चोवीस तास चालू हवा. रात्री गुरगुर ऐकू येते म्हणून पंप बंद करणारी घरे पुष्कळ. पंपाखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवली की आवाज मरतो. स्पंज नळाखाली धुऊ नका. पाणी बदलताना काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा पिळून घ्या. थोडा मळकट राहिला तर चालतो, तो मळकटपणाच कामाचा आहे.

वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवा. तो नसेल तर दर अर्ध्या तासाने मगभर पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतत राहा. मुलांना हे काम आवडते.

मासा वर येऊन आ वासत असेल, पंख अंगाला चिकटवून तळाशी बसला असेल किंवा पंखांवर लाल रेघा दिसल्या, तर आधी औषधाची बाटली शोधू नका. पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला आणि दोन दिवस खाणे बंद ठेवा. महिनाभर पाण्याकडे लक्ष नसेल तर अर्थात वर सांगितले तसे थोडेथोडेच बदला. नायट्राइटची शंका असेल तर दहा लिटरला दहा ग्रॅम, म्हणजे सपाट दोन छोटे चमचे जाडे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू घाला, त्याने नायट्राइट रक्तात शिरायला अटकाव होतो. पाणी तपासायचे थेंबांचे संच दुकानांत मिळतात. त्यातला अमोनियाचा संच घरात असलाच पाहिजे असे मी म्हणेन. निळे औषध बुरशीवर उपयोगी पडते, पण ते टाकीत ओतले की फिल्टरमधल्या जिवाणूंनाही बाधते. नराच्या कल्ल्यांवर विणीच्या दिवसांत बारीक पांढरे दाणे येतात. तो रोग नव्हे, तारुण्यपीटिका समजा.

आणखी एक. काच स्वच्छ ठेवायला 'सकर' न्या, असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. हा मासा फूट-दीड फूट वाढतो, स्वतःच भरपूर घाण करतो आणि रात्री संथ गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखतो. काच पुसायला जुना, साबण न लागलेला स्पंज आहे.

मे महिना आणि डिसेंबर

गोल्डफिश थंड पाण्यातला मासा. १८ ते २४ अंशांत तो सर्वांत सुखात असतो. त्याला हीटर लागत नाही. दिल्ली, इंदूर किंवा नाशिकच्या थंडीत तो सुस्तावतो आणि कमी खातो, तेव्हा आपणही कमी घालावे. खरी परीक्षा उन्हाळ्याची. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि अमोनियाही अधिक जहाल होतो. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात पाच लिटरचे भांडे दुपारपर्यंत कोमट होते, हौद मात्र गार राहतो. टाकी खिडकीपासून आणि टीव्हीवरून हलवा. झाकण काढून वर जाळी टाका आणि टेबलफॅनचा वारा पाण्यावरून जाऊ द्या, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बर्फाचे खडे थेट टाकू नका. बर्फ झालेली पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवली तर चालेल.

काच नको, टब चालेल

मोठी टाकी म्हणजे काचेचीच, असे आपण धरून चालतो आणि किंमत ऐकून परततो. पण माशाला काच नको आहे, पाणी हवे आहे. पाणी साठवायला वापरतो तसा शंभर लिटरचा रुंद तोंडाचा नवा प्लॅस्टिकचा टब काचेच्या टाकीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. पूर्वी त्यात रसायन किंवा रंग ठेवलेला नसावा, एवढे पाहा. उंच पिंपापेक्षा पसरट टब चांगला, पृष्ठभाग जास्त मिळतो. तोच स्पंज फिल्टर आत सोडा. सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि दुपारची सावली राहील असा बाल्कनीचा किंवा अंगणाचा कोपरा निवडा. कावळे आणि मांजरे यांच्यासाठी वर जाळी बांधा. पावसाळ्यात पाणी काठाच्या चार-पाच इंच खाली ठेवा, नाहीतर मुसळधार पावसात मासे पाण्याबरोबर बाहेर येतात. डासांची काळजी नको, त्यांच्या अळ्या गोल्डफिश आवडीने खातो. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन, तेव्हा बाल्कनीत टब बाहेरच्या कठड्याशी न ठेवता घराच्या भिंतीलगत ठेवा.

वरून पाहताना शेपटीचे पंखे पाण्यात कसे उलगडतात, ते काचेतून कधीच दिसत नाही.

टबही शक्य नसेल तर दोनातला एक मासा जागा असलेल्या घरी द्या, दुकानदाराला परत करा किंवा बंगल्यात, शाळेत हौद असलेल्या कोणाला विचारा. विहिरीत, तळ्यात किंवा नदीत मात्र सोडू नका. आपल्याला ती सुटका वाटते, पण परका मासा तळ खणून पाणी गढूळ करतो आणि तिथल्या माशांचे अन्न व अंडी खातो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल शहरात २०२१ साली एका तळ्यातून फूटभर लांबीचे गोल्डफिश निघाले, तेव्हा पाळलेले मासे तळ्यात सोडू नका, असे आवाहन नगर प्रशासनाला करावे लागले.

मुलांना हे सारे सांगावे का? जरूर सांगावे. गोल्डफिशची आठवण तीन सेकंदांची असते, ही सांगोवांगीची गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या प्रयोगात गोल्डफिश खाद्यासाठी तरफ ढकलायला शिकले आणि दिवसाच्या कोणत्या वेळी ढकलली की खाद्य मिळते, हेही त्यांच्या लक्षात राहिले. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी तर चाकांवरच्या टाकीत ठेवलेल्या गोल्डफिशना ती गाडी खोलीतल्या खुणेकडे न्यायला शिकवले, तो प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. खाऊ देणारे माणूस तुमचा मासा ओळखतो, यात कल्पनेचा भाग फारसा नाही. पाणी मोजणे, हायपो विरघळवणे, वहीत पाणी बदलल्याची तारीख लिहिणे ही कामे आठ-दहा वर्षांचे मूल चांगली करते. आणि एवढे करूनही मासा गेला, तर त्याला खरे कारण सांगा. संकटाची गोष्ट ऐकून मूल गप्प बसते. खरे कारण ऐकले तर ते पुढचा मासा आणण्यापूर्वी टाकीची लांबी-रुंदी मोजते.

राहता राहिला गावी जाण्याचा प्रश्न. दिवाळीत किंवा मे महिन्यात किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन जाताना खाद्याची डबी त्यांच्या हाती सोपवली, तर मासा उपासाने मरत नाही, प्रेमाने मरतो. मोठा, निरोगी गोल्डफिश आठ दिवस काही न खाताही राहतो. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, फिल्टर चालू आहे ना ते पाहा, डबी कपाटात ठेवा. जास्त दिवस जाणार असाल तर कागदाच्या छोट्या पुड्या बांधा, दर दोन दिवसांना एक, आणि प्रत्येकीवर तारीख लिहा. शेजारच्या काकूंना एवढेच सांगा, "पुडी असेल त्याच दिवशी घाला, आणि रोज फक्त पंपाचे बुडबुडे येताहेत ना, तेवढे बघा."